आता पुरे म्हणणारं तेल

४ फेब्रुवारी

वन्सं,

मी चिडले की तुला वन्सं म्हणते, हे तुझ्या लक्षात असेल. आत्ता चिडलेले नाही. इतक्या वर्षांनी दुसरं काय म्हणावं ते सुचलं नाही, एवढंच. आधी ‘प्रिय टाचणी’ लिहिलं होतं, ते पुसलं.

तुझा ई-मेलचा पत्ता तुझ्या संस्थेच्या पानावरून घेतला. तिथल्या फोटोत तुझे केस पांढरे दिसतात. रंगवत नाहीस ते बरं करतेस.

तुझ्या दादाला थोडं बरं नाही. बागेत गुलाब छाटताना हाताला काटा लागला, हात सुजला, ताप आला. दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर चांगले आहेत. काळजीचं कारण नाही. त्याने तुझी आठवण काढली, म्हणून कळवते.

फोन करू नकोस. फोनवर आपण नणंद-भावजय भांडतो, आणि इथे बाकांवर माणसं कान टवकारून बसलेली असतात. लिही.

एक विचारायचं होतं. तुझा तो उंदरांवरचा अभ्यास अजून चालू आहे का? त्याचं औषध झालं का?

वहिनी


५ फेब्रुवारी

वन्सं,

तुझं उत्तर एका ओळीचं: ‘खरं काय आहे ते लिही.’ टाचणी हे नाव तुला उगाच नाही पडलं.

खरं असं आहे. काटा लागला तेव्हा त्याने हात विजारीला पुसला आणि छाटत राहिला. दुसऱ्या दिवशी मनगट सुजलं. मी म्हटलं, डॉक्टरकडे चल. तो म्हणाला, “काट्याला डॉक्टर? मग शिंकेला वकील कर.” त्यानंतरच्या सकाळी कोपरापर्यंत लाल रेघ चढलेली होती आणि अंगात इतकी हुडहुडी की टॅक्सीत त्याचे दात वाजताना ऐकून चालकाने मागे वळून पाहिलं. दवाखान्याच्या दारात तो मला म्हणाला, “कढई उतू जातेय, वाफ बंद कर.” त्याला वाटत होतं आपण साबणाच्या कारखान्यात आहोत. निवृत्त झालेल्या माणसाची कढई गुलाबाच्या काट्याने उतू गेली.

काल मी तुला लिहिलं तेव्हाच त्याच्या घशात नळी होती. श्वास यंत्र देतं. रक्तदाब औषधांवर टिकून आहे. मूत्रपिंडांनी काम थांबवलंय; खाटेला टांगलेली लघवीची पिशवी कोरडी आहे. मी दर वेळी आत गेले की आधी ती पिशवी बघते, मग त्याचा चेहरा. हा क्रम बरोबर नाही हे मला कळतं.

इथली डॉक्टर तरुण आहे, केस आखूड, बोलणं नेमकं. ती म्हणाली, “आजी, जंतू औषधांनी मरताहेत. पण शरीर लढायचं थांबत नाहीये. आता त्यांचं नुकसान त्यांचंच शरीर करतंय.” मला आजी कोणी म्हणत नाही, पण वाक्य इतकं स्वच्छ होतं की मी ऐकून घेतलं. मग तिने रोगाचं नाव सांगितलं. सेप्सिस.

हा शब्द या घरात पहिल्यांदा तू उच्चारलास. आईंना ताप होता, त्या असंबद्ध बोलत होत्या, आणि तू फोनवरून ओरडत होतीस की हे म्हातारपण नाही, सेप्सिस असेल, आत्ताच्या आत्ता हलवा. तो म्हणाला, “उंदरांना तेल पाजणाऱ्या बाईने मला माझी आई शिकवू नये.” सकाळी हलवलं. उशीर झाला होता. तू त्याला म्हणालीस, “तू मारलंस तिला.” नंतर दोघांपैकी कोणीही एक शब्द मागे घेतला नाही. हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहून टाकलं, म्हणजे तुझ्यामाझ्यात ते न लिहिलेलं पडून राहणार नाही.

आता कामाचं. तुझ्या संस्थेच्या पानावर लिहिलंय की तुम्ही चरबीपासून होणारे काही रेणू शोधलेत, आणि सेप्सिस झालेल्या उंदरांची मूत्रपिंडं आणि फुप्फुसं त्यांच्यामुळे वाचली. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, माझी हयात साबणाच्या कारखान्याच्या तपासणीच्या खोलीत तेल आणि चरबी तपासण्यात गेली. मला समजावत बसू नकोस. ते औषध पाठव.

वहिनी


६ फेब्रुवारी

वन्सं,

आज मात्र चिडून लिहिते आहे.

तू लिहितेस: ‘वहिनी, ते औषध नाही. एक रेणू आहे. उंदरांमध्ये काम करताना दिसतो. माणसाला आम्ही कोणी अजून दिलेला नाही. शरीरात गेल्यावर लगेच मोडतो. किती द्यायचा, कोणत्या घटकेला द्यायचा, माहीत नाही. चुकीच्या वेळी दिला तर लढणारं शरीरच गप्प बसेल आणि उरलेले जंतू जिंकतील. मी दादावर प्रयोग करणार नाही.’

इथपर्यंत मी दात-ओठ खाऊन वाचलं. पुढे तू लिहितेस की तुझ्या प्रयोगशाळेसाठी याच दवाखान्यात सेप्सिसच्या रुग्णांचे नमुने गोळा होतात, आणि मी संमती दिली तर दादाच्या रक्ताचाही नमुना हवा आहे. ‘याचा त्याला स्वतःला काही उपयोग होणार नाही, हे आधीच सांगते.’

मी औषध मागितलं आणि तू रक्त मागतेस. एवढा नेमका हिशोब तुलाच जमतो. शाळेत जाताना तुझी वेणी मी घालून दिली आहे. त्या डोक्यात पुढे काय शिजणार आहे याची कल्पना असती तर एखादी घट्ट ओढली असती.

मी त्या डॉक्टरकडे गेले आणि म्हटलं, माझ्या नणंदेने असं असं लिहिलंय. तिने तुझं नाव ऐकलं आणि खुर्चीत सरळ बसली. “त्या तुमच्या नणंद? आम्ही त्यांचे लेख वाचत शिकलो.”

“लेख वाचून माझ्या नवऱ्याला लघवी होणार आहे का?” मी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. तिनेही गोड बोलायचा प्रयत्न केला नाही. तुम्हा लोकांना हे शिकवतात की काय?

मी बाहेर येऊन बाकावर बसले. शेजारच्या बाईने मला सोललेलं संत्रं दिलं. ते खाऊन झाल्यावर मी परत आत गेले आणि संमती दिली.

का दिली ते सांगते, उगाच मोठेपणा नको. कारखान्यात कढई कितीही बिघडली तरी तिचा नमुना घेतल्याशिवाय मी ती रिकामी करू देत नसे. तुझा दादा कढईवर असायचा, वैतागायचा. “माल तर गेला, आता नमुना घेऊन त्याचं श्राद्ध घालणार आहेस का?” मी त्याला सांगायचे की नमुना या कढईच्या भल्यासाठी नसतो, पुढच्या कढईसाठी असतो. हे मी त्याला इतक्यांदा ऐकवलंय की आता त्याच्या वेळेला मागे हटणं बरं दिसलं नसतं.

वहिनी


८ फेब्रुवारी

टाचणी,

आज नमुना घेतला. तुझ्या कामाचं आहे म्हणून नीट सांगते.

सकाळपासून त्याच्या रक्ताचं शुद्धीकरण यंत्रावर चालू होतं. मी काचेच्या अलीकडून पाहिलं. त्याचं रक्त एका नळीतून बाहेर येतं, यंत्राच्या पोटात फिरतं आणि दुसऱ्या नळीतून परत आत जातं. एवढं मोठं कपाट, त्याचे पंप, त्याचे दिवे, त्याच्याजवळून न हलणारी एक नर्स, आणि हे सगळं कशाच्या जागी? मुठीएवढ्या दोन अवयवांच्या जागी, ज्यांची आपण जन्मात कधी चौकशी केली नाही. मी त्या यंत्राला नमस्कार केला नाही, पण कोणी बघत नसतं तर केला असता.

त्याला झोपवून ठेवणारं औषध दुधासारखं पांढरं आहे. मी नर्सला विचारलं, हे पांढरं का? ती म्हणाली, तेलात असतं, तेलाचे बारीक थेंब पाण्यात मिसळून. बघ म्हणजे. झोपसुद्धा तेलात. मला तुझी फार आठवण झाली. ती चांगल्या अर्थाने होती की नाही हे सांगता येत नाही.

दुपारी रक्त काढलं, गरागरा फिरवून लाल भाग खाली बसवला, आणि वरचं पिवळं पाणी दोन लहान कुप्यांत भरून बर्फाच्या डब्यात ठेवलं. ते पलीकडच्या इमारतीतल्या शीतकपाटात न्यायचं होतं. नेणारा माणूस दुसरीकडे अडकला होता. मी म्हटलं, द्या इकडे, मला पाय आहेत. नर्स नको म्हणत होती. पण तिकडे एका खाटेची घंटा वाजली आणि ती धावली, तेवढ्यात मी डबा उचलला.

आणि बरं झालं मीच नेला. वाटेत झाकण उघडून पाहते तर कुप्यांतलं पाणी गढूळ! चरबी थिजायला लागली होती. हे मी आयुष्यभर पाहिलेलं आहे. थिजलेल्या नमुन्याची तपासणी कधी खरी येत नाही. मग मी दोन्ही कुप्या बर्फातून काढल्या आणि मुठीत घट्ट धरल्या, शालीच्या आत. एकीचं झाकण सैल करून वासही घेतला, सवयीने. शीतकपाटापाशी रांग होती. माझा नंबर येईपर्यंत दोन्ही छान कोमट झाल्या होत्या. तेव्हा काळजी करू नकोस, नमुना उत्तम आहे.

तुझा दादा तसाच आहे. पिशवी कोरडी.

वहिनी


१० फेब्रुवारी

टाचणी,

तुझं उत्तर वाचलं. एवढे उद्गारवाचक तू शाळेच्या निबंधातही वापरले नव्हतेस.

बरं. नमुना मी नासवला. गढूळपणा थिजण्याचा नव्हता, त्या पांढऱ्या औषधातल्या तेलाचा होता. आणि जो रेणू तुला शोधायचा होता तो ऊब आणि हवा मिळाली की हातातल्या हातात बदलून जातो. चरबीचा नमुना गरम करून तपासायचा, हे माझ्या हातात इतकं मुरलं आहे की हाताने मला विचारलंच नाही. ‘जगात एवढ्या भावजया आहेत, त्यांतल्या साबण करणारीच्या हातात माझा नमुना पडावा,’ असं तू लिहिलंस. हसू आलं. इथे आल्यापासून पहिल्यांदा आलं, तेही तुझ्या शिव्यांनी.

पण त्या शिव्यांच्या खाली जे समजावून लिहिलंयस, ते मी काल दिवसभर वाचत होते. मी म्हटलं होतं समजावू नकोस. तू ऐकलं नाहीस, ते बरं केलंस. मला जे कळलं ते माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर टोच.

आमच्या कामात तेलाचा एकच शत्रू होता, हवा. तेल उघडं राहिलं की हवेतला प्राणवायू त्याला चावतो, कुठेही, कसाही, आणि तेल खवट होतं. पिंपाचं झाकण उघडताच मला कळायचं. नाक मुरडून मी म्हणायचे, “परत पाठवा,” आणि दारातला माणूस आधीच पिंप वळवायला लागलेला असायचा. तेलात प्राणवायू गेला म्हणजे तेल वाया गेलं. यावर माझी रोजी-रोटी चालली.

आणि तू लिहितेस की शरीर हेच करतं. मुद्दाम करतं. आपल्या प्रत्येक पेशीची भिंत चरबीची. कुठे जखम झाली, जंतू शिरले, की शरीर आधी आग पेटवतं, लढणाऱ्या पेशी धाडतं. आणि मग, योग्य वेळ आली की, आपल्याच भिंतीतून चरबीचा एक तुकडा काढतं आणि त्याच्यावर प्राणवायूचा कण बसवतं. हवेसारखा कुठेही नाही. त्या लांब साखळीवर ठरलेल्या जागी, ठरलेल्या बाजूने. मग दुसरा, दुसऱ्या जागी. मग तिसरा. तेच तेल, तोच प्राणवायू. पण आता तो एक निरोप झाला. निरोप असा की आता पुरे. नवीन सैन्य पाठवू नका. आलेल्यांनी परत जा. झाडणाऱ्यांनी मागे राहा, मेलेलं उचला, जागा साफ करा.

मी हे दवाखान्याच्या उपाहारगृहात वाचत होते. समोर चहा होता, त्याच्यावर साय धरली. मी ती बघत बसले.

टाचणी, मला आजवर वाटत होतं की ताप उतरतो तो आपोआप उतरतो. सूज ओसरते ती थकून ओसरते. थांबणं हेही कोणाचं तरी काम आहे, त्यालाही कारागीर लागतात, हे कधी डोक्यात आलं नाही. आणि खरं तर यायला हवं होतं, कारण तुझा दादा कढईवरच्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगायचा. वाफ बंद केली म्हणून कढई बसत नाही. फेस वर येतच राहतो. तो खाली बसवायला मिठाचं थंड पाणी शिंपावं लागतं, कडेकडेने, बेताने, फेसाकडे बघत बघत. लवकर शिंपलं तर साबण कच्चा राहतो, धसकन ओतलं तर सगळा माल फाटतो.

तू ‘नाही’ का म्हणालीस ते मला काल त्या चहापाशी कळलं. तुझ्याकडे मिठाचं पाणी आहे, पण किती आणि कधी ते माहीत नाही. न बघता ओतायला मी तुला सांगत होते. माझ्या खोलीत कोणी असं सांगितलं असतं तर मी त्याला दार दाखवलं असतं.

आता मी आत गेले की त्याच्या झाकलेल्या अंगाकडे बघते आणि मनात येतं, आत्ता आत कुठेतरी, भिंतीतून एखादा तुकडा निघतोय का? कोणी त्याच्यावर कण बसवतंय का? कोण सांगतं त्यांना कुठे बसवायचा ते? आम्ही इतकी वर्षं इतकं तेल उकळलं, आणि मला यातलं काही, काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. याचं वाईट वाटायला हवं. वाटत नाही. देवळात गेल्यावर वाटावं असं म्हणतात तसं काहीतरी वाटतं, जे मला देवळात कधी वाटलेलं नाही.

नवा नमुना घ्यायला तू स्वतः येते म्हणतेस. ‘तुझ्या हातांवर माझा विश्वास नाही.’ ठीक आहे. खोली तयार आहे.

वहिनी


१२ फेब्रुवारी

टाचणी,

तू निघण्याआधी हे वाच. वाचून मग ठरव.

कालचा दिवस वाईट गेला. रक्तदाब दोनदा कोसळला. डॉक्टर माझ्याशेजारी बाकावर येऊन बसली. ती बसली तेव्हाच मला कळलं, कारण एरवी ती उभ्याने बोलते. म्हणाली, पुढचे एक-दोन दिवस महत्त्वाचे. मूत्रपिंडांबद्दल विचारलं तर म्हणाली, “मेलेली नसावीत, आजी. अशा वेळी ती बरेचदा गप्प बसतात. पण उठतीलच असं मी सांगू शकत नाही.”

मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की त्याने तुझी आठवण काढली. ते तसं नव्हतं. तुला यावंसं वाटावं म्हणून मी ते लिहिलं. टॅक्सीत, दात वाजत असताना, त्याने माझं मनगट धरलं आणि म्हणाला, “टाचणीला कळवू नकोस. तिने तेव्हाच सांगितलं होतं.” एवढंच. पुढे कढईचं सुरू झालं.

म्हणजे त्याने तुला बोलवलेलं नाही. उलट कळवू नकोस म्हणाला. तो शुद्धीवर आला आणि तुला पाहून भिंतीकडे तोंड फिरवलं, तर मी काही करू शकणार नाही. तुझ्या भावाशी माझं लग्न एका कारखान्यात जुळलं, अहो-जाहो आम्हाला कधी जमलं नाही, आईंना ते खटकायचं. मी त्याला तोंडावर काहीही बोलू शकते. पण तुझ्याविषयी मला एक वाक्यही त्याच्याकडून काढता आलं नाही. तुझं नाव निघालं की तो उठून बागेत जायचा. आपली बाग इतकी चांगली का आहे, हे शेजाऱ्यांना माहीत नाही.

तुला फसवून आणलं असं नंतर नको. खरं हे आहे. आता ठरव.

वहिनी


१४ फेब्रुवारी

टाचणी,

‘नमुन्यासाठी येते आहे. दादासाठी नाही. शुद्धीवर आला की त्याला तसं सांग.’ सांगते. शब्दशः सांगते.

हे तुला गाडीत मिळेल. आज सकाळी मी आत गेले आणि नेहमीसारखी आधी पिशवी पाहिली. तळाशी, कोपऱ्यात, काहीतरी पिवळं होतं. मला वाटलं प्लास्टिकवर उजेड पडलाय. मी वाकले. मग गुडघ्यावर बसले, या गुडघ्यांनी. नळीतून एक थेंब आला, कडेला लोंबकळत राहिला, आणि पडला. मी तिथेच बसून राहिले. दुसरा आला.

नर्स धावत आली, तिला वाटलं मी पडले. मी तिला बोटाने दाखवलं. तीही माझ्याशेजारी खाली बसली. आम्ही दोन शहाण्या बायका, जमिनीवर बसून, एका माणसाची लघवी बघत होतो, आणि आजवर यापेक्षा सुंदर काही मी पाहिल्याचं मला आठवत नाही.

तुझं औषध नाही, कोणाचं नवं औषध नाही. जंतूंवरची औषधं, यंत्र, नर्सांची निगराणी, आणि आत कोणीतरी म्हटलं असेल ते ‘आता पुरे’.

स्टेशनवर मी येणार नाही, पिशवी सोडून येववत नाही. थेट इकडे ये. स्वेटर आण, इथे वातानुकूलन फार आहे.

वहिनी


३० मार्च

प्रिय टाचणी,

तो आता फाटकापर्यंत चालतो. मूत्रपिंडं पूर्वीसारखी नाहीत, निम्म्याच्या वर काम करतात, यंत्र सुटलं. मीठ कमी केलंय, त्यावर रोज भांडण. गुलाबांच्या वाट्याला मी त्याला जाऊ देत नाही. तो काठीने मला लांबून सांगतो, ही फांदी, ती फांदी, मी हातमोजे घालून छाटते आणि तो म्हणतो, “तुझ्या हाताखाली गुलाबाचीसुद्धा शाळा भरते.”

तुझ्या पत्रात तू लिहिलंस की तू स्वतः घेतलेल्या कुपीत तो रेणू सापडला. थोडासा, पण स्पष्ट. आणि माझ्या मुठीतल्या कुप्यांत नुसता गोंधळ, हवेने केलेला. एका माणसावरून काहीच ठरत नाही, हे तू एकाच पानात पुन्हा पुन्हा लिहिलंस. मला ठाऊक आहे. एका कढईवरून मीही कधी काही ठरवलं नाही. अजून कितीतरी माणसांचं रक्त लागेल, तुझी निवृत्ती होईल, ती आखूड केसांची डॉक्टर तुझ्या खुर्चीत बसेल, तेव्हा कुठे कोणाच्या तरी नवऱ्याला योग्य घटकेला योग्य थेंब देता येईल. किंवा येणारही नाही. तरी तुझ्या दादाच्या आत तो रेणू होता. मी त्याच्याकडे जेवताना बघते. तो विचारतो, “काय बघतेस?” मी म्हणते, “काही नाही, भात सांडतोयस.”

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते.

तू आलीस त्या दिवशी त्याच्या घशातली नळी नुकतीच काढली होती. तू आत आलीस, त्याने तुला पाहिलं, आणि मी श्वास धरून उभी होते. मी तुझा निरोप शब्दशः दिला: “नमुन्यासाठी आली आहे. तुझ्यासाठी नाही.” मग, तुला आठवत असेल, त्याने पांघरुणाखालून डावा हात काढला, बाही वर सारली आणि फाटक्या आवाजात म्हणाला, “घे. लागेल तेवढं घे.” तू म्हणालीस, “दोन कुप्या पुरतील, आव आणू नकोस.” तो म्हणाला, “सुईपेक्षा हीच टोचते.” नर्स हसली. मग तुम्ही कामाला लागलात, आणि तुला वाटलं एवढंच झालं. परत जाताना स्टेशनवर मला म्हणालीसही, “नमुना दिला, पण बोलला काही नाही.”

तू बर्फाच्या डब्यावर वाकली होतीस. कुप्या एकामागून एक ठेवत होतीस, झाकण घट्ट करत होतीस, श्वास रोखून, लहानपणी सुईत दोरा ओवायचीस तसं तोंड करून. तुझं लक्ष नव्हतं. मी मात्र पलीकडे उभी राहून त्याच्याकडे बघत होते.

त्याने उजवा हात उचलला होता. तुझ्या डोक्याच्या दिशेने. सावकाश, कारण हातात जोर नव्हता. तुझ्या पांढऱ्या भांगाच्या वर टीचभर अंतरावर तो थांबला, कारण त्या हाताला सलाईनची नळी होती आणि ती तेवढीच लांब होती. नळी ताणली गेली, यंत्र वाजायला लागलं. नर्स म्हणाली, “काका, हात खाली.” त्याने हात खाली घेतला. तू मान वर केलीस तेव्हा तो छताकडे बघत होता.

नळी पुरली नाही, नाहीतर पोचला असता.

आता नळी नाही. ये.

वहिनी